फ्लॅट सोडला, पण गावाकडचं घर वाचेल का?

"चावी बँकेच्या टेबलावर ठेवली आणि आलो. आता माझा अन् त्या फ्लॅटचा काय संबंध?"

हे वाक्य गेल्या काही वर्षांत सुप्यात मी चहाच्या टपरीवर ऐकलंय, स्टँडवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. बोलणारा दरवेळी वेगळा, गोष्ट साधारण तीच. एमआयडीसी वाढली, जपानी पार्क आला, रस्त्याकडेची शेतं एनए झाली, इमारती उभ्या राहिल्या. कंपनीत लागलेल्या पोरानं हप्त्यावर वन बीएचके घेतला. नोकरी कंत्राटी, पण पगार वेळेवर होता. मग कंत्राट संपलं, तीन हप्ते थकले, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. शेवटी बायकापोरांना घेऊन गडी गावी, आईवडिलांच्या घरी. नोटीस आली ती उघडलीच नाही.

मंडळी, आजची पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या डोक्यावर गृहकर्ज आहे किंवा ज्यानं भावकीतल्या, मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केलीय, त्यानं ती शेवटपर्यंत वाचावी.

पहिली गोष्ट सरळ सांगतो. चावी दिल्यानं कर्ज संपत नाही.

हा समज बहुतेक मोबाईलवरच्या व्हिडिओंतून आलाय. अमेरिकेत २००८ च्या आसपास घरांच्या किमती कोसळल्या, तेव्हा हजारो लोकांनी घरं सोडून दिली. त्यातल्या कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत कायदा असा आहे की राहायला घर घेण्यासाठी काढलेलं कर्ज बुडालं, तर सावकारानं त्या घरावरच समाधान मानायचं. बाकीच्या पैशासाठी कर्जदाराच्या मागं लागता येत नाही. तो कायदा तिथला आहे. आपल्याकडं गृहकर्जाच्या करारावर सही करताना माणूस घर तर तारण देतोच, शिवाय स्वतःही पैसे फेडायला बांधील राहतो.

आपल्याकडं काय होतं ते बघा. सलग ९० दिवस हप्ता थकला की कर्ज खातं एनपीए होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस येते. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर कलम १३(४) खाली बँक ताबा घेते. आधी दारावर कागद चिकटतो, दोन पेपरात जाहिरात येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज जातो. शेवटी लिलाव. यात कोर्टाची पायरी चढायची बँकेला गरज पडत नाही. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ५ मे २०२० रोजी पक्कं केलं. ते प्रकरणही आपल्याच राज्यातलं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचं.

आता हिशोब मांडू. समजा, व्याजासकट २२ लाख येणं आहे. लिलावात फ्लॅट १६ लाखांना गेला. लिलावात बाजारभाव मिळणं अवघडच. मग वरचे सहा लाख आणि खर्च कुणाचा? त्याच कायद्याचं कलम १३(१०) सांगतं की उरलेल्या रकमेसाठी बँक कर्ज वसुली न्यायाधिकरणात किंवा योग्य त्या कोर्टात जाऊ शकते. आणि कलम १३(११) प्रमाणं फ्लॅट विकायची वाट न बघताही बँक जामीनदाराला धरू शकते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, हे तर १८७२ च्या करार कायद्यापासून चालत आलंय.

एकदा का दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा झाला की तो १२ वर्षांपर्यंत बजावता येतो. म्हणजे आज फ्लॅट सोडून गावी आलेल्या माणसाच्या दारात पाच-सात वर्षांनीसुद्धा बेलीफ येऊ शकतो. तेव्हा प्रश्न सुप्यातल्या फ्लॅटचा उरलेला नसतो. तो त्या घराचा असतो, जे आजोबांनी बांधलं, जिथं आता म्हातारी आई आहे, चुलीपुढं नातवंडं आहेत.

ते घर वाचतं का?

उत्तर आहे: काहींचं वाचतं, काहींचं नाही. माझं म्हणणं या "काहींचं"बद्दल आहे. पण त्याआधी थोडं मागं जावं लागेल, कारण हा प्रश्न आपल्याच भागात, एका घरावरून पेटला होता.

सुप्यावरून पुण्याकडं निघालं की घोड नदी ओलांडून शिरूर लागतं. त्या शिरूर तालुक्यातलं कर्डे गाव. १८७४ सालच्या डिसेंबरात तिथल्या काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुखांवर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला. रक्कम दीडशे रुपयांच्या घरातली. त्यात देशमुखांचं राहतं घर गेलं, आणि सावकारानं ते पाडायला घेतलं. कर्ज फिटलं नाही म्हणून जमीन जाणं लोकांना नवं नव्हतं. पण उभं घर डोळ्यांदेखत पाडलं जाणं गावाला सोसलं नाही. गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. शेतावर कुणी मजूर जाईना, न्हावी हजामत करीना, पाणी कुणी भरीना. हे लोण गावोगाव गेलं. १२ मे १८७५ ला भीमथडीतल्या सुपे गावच्या बाजारात उठाव झाला. ते सुपे म्हणजे आज बारामती तालुक्यातलं, आपलं नव्हे. पण वणवा आपल्याकडंही आला. पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांतल्या गावांत लोकांनी सावकारांकडं खतं-रोखे मागितले आणि जाळले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदावर जास्त होता, हे ध्यानात घ्या.

इंग्रज सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि आपल्या नगर जिल्ह्याला लागू झाला. त्यात एक मोठी गोष्ट होती: शेतकऱ्याची जमीन, घर अशी स्थावर मिळकत त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली नसेल, तर नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यात ती जप्त करून विकता येणार नाही. शिवाय कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं.

हा विचार पुढं दिवाणी कायद्यात टिकला. आज लागू असलेल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० बघा. जप्तीत काय धरता येणार नाही याची यादी त्यात आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची औजारं, गुरं, बी-बियाणं. आणि खंड (क) मध्ये घर: शेतकऱ्याचं, मजुराचं किंवा घरगडी-मोलकरणीचं स्वतःच्या मालकीचं राहतं घर, खालच्या जागेसकट आणि वापराला लागणाऱ्या आजूबाजूच्या जागेसकट. (इंग्रजी प्रतीत हा तिसरा खंड आहे.) मजूर आणि घरकामगार हे शब्द १९७६ च्या दुरुस्तीत आले. त्याच दुरुस्तीनं आणखी एक भक्कम खिळा ठोकला: "ही सवलत मला नको" असं कुणी करारात लिहून दिलं तरी ते लिहिणं रद्दबातल. म्हणजे छापील फॉर्मवर सही घेऊन हे संरक्षण काढून घेता येत नाही. कर्ज वसुली न्यायाधिकरणाच्या वसुलीतही ज्या नियमांनी जप्ती होते, ते कलम ६० ची यादी मानतात.

फक्त एक अट कधीच विसरू नका. जे घर तुम्ही स्वतः तारण दिलं, त्याला ही ढाल नाही. सुप्यातला फ्लॅट तारण होता, तो गेला. गावाकडचं घर तारण नव्हतं, म्हणून त्याला ढाल आहे. पण उद्या धंद्याच्या कर्जासाठी तेच गावचं घर तारण दिलंत, तर कलम ६० तुमच्या कामाचं राहिलं नाही.

मग घोडं अडतं कुठं?

अडतं ते यादीतल्या तीन नावांवर. शेतकरी, मजूर, घरगडी. गावाकडं आलेला गडी स्वतः शेती कसत असेल आणि पोट मुख्यतः शेतीवर असेल, तर त्याचं राहतं घर वाचतं. स्वतःची जमीन नसली, शेतमजुरी करत असला, तरी वाचतं. पण आपल्या सुप्यात आज किती घरं निव्वळ शेतीवर चालतात, हे तुम्हीच सांगा. एक भाऊ शेतात, एक कंपनीत, वहिनी शिलाई मशीनवर, पोरगा पिकअप चालवतो. कागदावर सात-बारा आहे, पण घर चालतं पगारावर. तो माणूस "शेतकरी" आहे का? बँकेचा वकील म्हणणार, नाही. कंपनीत मशीन चालवणारा ऑपरेटर "मजूर" आहे का? त्यावरही वाद घालता येतो. वडापावची गाडी लावणारा, सलूनवाला, टेम्पोवाला, मोबाईल दुरुस्त करणारा, पेपर टाकणारा? हे तर यादीत बसतच नाहीत. कारागिराची हत्यारं वाचतात, त्याचं घर नाही. कात्री वाचली, पण ती ठेवायची कुठं?

१९०८ साली ही यादी केली तेव्हा गावात गरीब म्हणजे शेतकरी, असंच समीकरण होतं. आज कर्जात बुडणारा माणूस कंत्राटी कामगारही आहे, छोटा दुकानदारही आहे, रिक्षावालाही आहे. कायद्यानं धंदा बघून घर वाचवायचं ठरवलं, आणि धंदे मात्र बदलले.

याला तोड काय? फार लांब जायची गरज नाही. आपल्याच देशात पंजाबनं ही तोड स्वातंत्र्याआधी काढली. सर छोटूराम यांच्यासारखे शेतकरी नेते सावकारीच्या कायद्यांसाठी झगडत होते त्या काळात, त्या प्रांतानं याच कलम ६० मध्ये स्वतःची भर घातली: शेतकरी नसलेल्या कर्जदाराचंसुद्धा एक मुख्य राहतं घर जप्त करता येणार नाही. त्या कर्जासाठी खास तारण दिलेलं घर सोडून. ही तरतूद पंजाब-हरियाणात आजही चालते. म्हणजे लुधियानातल्या शिंप्याचं राहतं घर नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यात वाचतं, सुप्यातल्या शिंप्याचं वाचत नाही. देश एक, कलम एक, शिंपीही एकच.

बाहेरच्या देशांत तर याची परंपरा जुनी आहे. टेक्सासमध्ये असा कायदा १८३९ पासून आहे, ते स्वतंत्र प्रजासत्ताक होतं तेव्हापासून. आज तिथं खेड्यातल्या कुटुंबाचं २०० एकरांपर्यंतचं राहतं शेतघर आणि शहरात १० एकरांपर्यंतची घराची जागा बाकी देणेकऱ्यांपासून सुरक्षित असते. तिथंही गृहकर्ज देणारी बँक तारण घर घेऊ शकते. पण दुसरा कुणी, दुसऱ्या देण्यापोटी, तुमच्या चुलीला हात लावू शकत नाही. तत्त्व साधं आहे. देणं द्यायचंच आहे, पण माणसाला रस्त्यावर आणून ते वसूल होत नाही. रस्त्यावर आलेला माणूस कमवणार कुठून अन् फेडणार कुठून?

माझी मागणी एवढीच आहे. महाराष्ट्र विधिमंडळानं कलम ६० ला राज्यापुरती दुरुस्ती करावी आणि कोणत्याही कर्जदाराचं एक राहतं घर, तारण नसलेलं, जप्तीतून वगळावं. दिवाणी प्रक्रिया हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राज्याला दुरुस्ती करता येते, राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागते. पंजाबच्या रूपानं तयार नमुना समोर आहे. आणि जामीनदाराच्या घरालाही हेच संरक्षण मिळावं. ज्यानं एक रुपया वापरला नाही, फक्त शब्दाखातर सही केली, त्याच्या घरावर तरी नांगर फिरू नये.

यावर दोन हरकती येतात, त्या मी टाळत नाही.

पहिली: असं केलं तर बँका कर्जच देणार नाहीत. हे पटत नाही, कारण तारण घर आपण यातून वगळलंच आहे. गृहकर्ज देणाऱ्या बँकेचा फ्लॅटवरचा हक्क जसाच्या तसा राहतो. पंजाब-हरियाणात बँका गृहकर्ज देतातच की. फरक एवढाच पडेल की फ्लॅटची किंमत ठरवताना बँकेनं आणि मूल्यांकन करणाऱ्यानं जरा डोळे उघडे ठेवावे लागतील. चौदाचा फ्लॅट वीसचा दाखवून कर्ज दिलं आणि नुकसान झाल्यावर गावचं घर धरलं, ही सोय बंद होईल. ती बंद व्हायलाच हवी.

दुसरी: मोठे लबाड याचा फायदा घेतील. पैसे आलिशान बंगल्यात घालतील आणि कर्ज बुडवतील. ही हरकत मात्र खरी आहे. म्हणून मर्यादा घालावी. किमतीची घाला, क्षेत्रफळाची घाला, घर एकच ठेवा, आणि कर्ज थकल्यानंतर घाईघाईनं घेतलेलं घर यातून वगळा. लबाडाला रोखायला वकील बसून चार ओळी लिहू शकतात. त्याच्या भीतीनं सलूनवाल्याचं घर उघड्यावर ठेवणं हा न्याय नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर हातात जे आहे ते सांगतो, कारण ते न वापरल्यामुळं लोक जास्त बुडताना दिसतात.

नोटीस उघडा. ६० दिवसांच्या नोटिशीवर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. ताबा घेतल्यावर ४५ दिवसांच्या आत कलम १७ खाली न्यायाधिकरणात जाता येतं. लिलावाची नोटीस प्रसिद्ध व्हायच्या आधी पूर्ण रक्कम भरली तर घर सोडवता येतं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही वेळ त्यानंतर मिळत नाही, म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

फ्लॅट टिकणार नाही हे दिसत असेल, तर चावी टाकून पळण्यापेक्षा स्वतः गिऱ्हाईक शोधा आणि बँकेच्या संमतीनं विका. लिलावापेक्षा दोन पैसे जास्तच येतील. बँकेशी एकरकमी तडजोड करायची असेल तर ती लेखी घ्या, आणि त्यात "उरलेली रक्कम माफ, यापुढं काही येणं नाही" हे स्पष्ट लिहून घ्या. तोंडी शब्दावर चावी देऊ नका.

घर शेतजमिनीत असेल तर नीट ऐका. सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, हे खरं. पण नुसता सात-बारा दाखवून भागत नाही. तिथं प्रत्यक्षात शेती होते का, हे कोर्ट बघतं.

गावच्या घरावर जप्ती आली तर कलम ६० आपोआप धावून येत नाही. ते मागावं लागतं, आणि विक्री व्हायच्या आत मागावं लागतं. सात-बारा, आठ-अ, पीक पाहणीची नोंद, ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, घरपट्टीच्या पावत्या, त्याच पत्त्याचं रेशनकार्ड हे सगळं एका पिशवीत ठेवा. घर "राहतं" असावं लागतं. कुलूप लावून तिसरीकडं राहत असाल तर बाजू लंगडी पडते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. तालुका विधी सेवा समितीकडं मोफत वकील मिळतो. सर्व महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तो हक्कानं मिळतो.

आणि खासगी सावकारानं घर-जमीन खरेदीखत करून घेतली असेल तर तो रस्ता वेगळा आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याच्या कलम १८ खाली, बेकायदा सावकारीतून १५ वर्षांच्या आत गेलेली मिळकत परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करता येतो.

कर्ज बुडवा असं मी कुणाला सांगत नाही. घेतलेलं द्यावं, हे आपल्याला घरातूनच शिकवलंय. पण देणं फेडता फेडता माणसाला रात्री पाठ टेकायला जागा उरावी, एवढं तरी कायद्यानं बघावं. कर्ड्यात दीडशे रुपयांसाठी घर पाडलं गेलं तेव्हा सरकारला आयोग नेमावा लागला, कायदा करावा लागला. त्या वेळच्या लोकांनी रोखे जाळले. आपल्याला जाळायचं काही नाही. आपल्या हातात मत आहे, अर्ज आहे, ग्रामसभेचा ठराव आहे.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला मी तयार आहे: कुणाचंही एक राहतं घर जप्तीतून वगळण्याची दुरुस्ती राज्यानं करावी. अनुमोदन द्यायला कोण येतंय, ते सांगा. आमदारसाहेब गावात आले की हाच प्रश्न विचारायचाय: पंजाबच्या शिंप्याला जे मिळतं, ते पारनेर तालुक्यातल्या शिंप्याला का नाही?